सूर राहतो कुठे?

युकुलेलेचा आवाज कशाकशाने बदलतो, हे चार तारांचं ते वाद्य महिनाभर हाताळलं तरी कळतं. नायलॉनची नवी तार ताणत राहते आणि सूर उतरतो. बोट पडद्यापासून लांब पडलं की तार खरखरते. बोईसर-तारापूरच्या खाऱ्या, दमट हवेत लाकूड फुगतं ते वेगळंच. कारणं सापडतात, पण सूर नेमका कुठे असतो?

संयुत्तनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या दृष्टांतात एक राजा हाच शोध घेतो. वीणेचा नाद ऐकून तो म्हणतो, मला तो नादच आणून द्या. समोर वीणा येते. तो तिच्या चिरफळ्या करतो, जाळतो, राखही उधळतो. हाती काही लागत नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला दुसरी वाट दाखवतो: बाहेर पडलेला नाद धरता येत नाही, वीणा किंवा वादक धरला की तो सापडतो.

पालघरच्या तारप्यापुढे मात्र हे उत्तरही तोकडं पडतं.

तारपा म्हणजे वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, आत थरथरणाऱ्या पातळ जिभा आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. सांधे मेणाने बुजवलेले. मेण जरा सुटलं की वारा निसटतो, सूर फाटतो. गालांत साठवलेली हवा सोडता सोडताच वादक नाकाने श्वास भरून घेतो, म्हणून सूर तुटत नाही. जव्हार तालुक्यातले भिकल्या लाडक्या धिंडा यांना याच वादनासाठी २०२६मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पण भोपळा, मेण आणि दम एवढ्यावर तारपा वाजवणाऱ्या वारली आदिवासींचं भागत नाही. भात पिकू लागल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंतच तारपा वाजवायचा, ही जुनी रीत. नाचणाऱ्यांचा फेर वादकाभोवती फिरतो, त्याला पाठ दाखवत नाही. (वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांतला तो नागमोडी फेर नुसती सजावट नव्हे.) म्हणजे सुराच्या कारणांत ऋतू आला, नवं धान्य आलं, ते देणारी कणसरी देवीही आली.

आता तारपा मंचावर बारा महिने वाजतो. न्यायशास्त्राने विचार करणारा नैयायिक म्हणेल, भोपळा, मेण, दम ही कारणं तीच, मग नादही त्याच जातीचा. तर्क बिनतोड आहे. पण शिवारात कणीस नसताना वाजवायचं कुणासाठी, असं एखाद्या म्हाताऱ्या वादकाने विचारलं, तर त्या तर्कात या प्रश्नाला जागाच नाही; आणि ही उणीव तर्काची आहे, म्हाताऱ्याची नव्हे.