चोरीचा वेल

मनीप्लँट विकत आणला तर नुसता जगतो, मागून आणला तर नुसती पानं काढतो, आणि चोरून आणला तरच घरात लक्ष्मी येते, हा सिद्धांत आमच्या सौभाग्यवतीने मला अमरावतीत अंबादेवीच्या देवळाच्या वाटेवर ऐकवला. देवळाच्या वाटेवर चोरीचा सल्ला! मी म्हटलं, “अगं, मी बँकेत कॅशियर आहे.”

“म्हणूनच म्हणते. दिवसभर लोकांचा पैसा मोजता. आपला कधी मोजाल?”

वाचकहो, कॅशियरची नीती फार सोपी असते. संध्याकाळी कॅश दहा रुपये कमी आली तर खिशातून भरायची. जास्त आली तर मात्र खिशात घालायची नाही. या एकतर्फी नियमावर मी वीस वर्षं काढली. पण पत्नीने ‘लक्ष्मी’ म्हटलं की मोठमोठ्यांची बॅलन्स शीट हलते.

मी नोकरीला अकोल्याला, बिऱ्हाड अमरावतीला, बडनेऱ्यावरून अप-डाऊन. अकोल्याच्या शाखेत मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, लोखंडी कपाटावर, बाटलीतला मनीप्लँट खिडकीपर्यंत गेलेला. एका शनिवारी साहेब लवकर गेले. मी पेराखाली वीतभर वेल तोडला, ओल्या रुमालात गुंडाळला आणि डब्याच्या रिकाम्या पुडात ठेवला. मूर्तिजापूरला तिकीट तपासनीस डब्यात चढला तेव्हा खिशात पास असूनही मला घाम फुटला.

गाडीत बसून मी स्वतःची बाजू मांडू लागलो. हे झाड मूळचं ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरचं. तिथल्या ओल्या जंगलात ते मोठ्या झाडांच्या अंगावर चढतं. १८८० साली युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं. त्याला फूल जवळजवळ येतच नाही. फुलायला लागणारं संप्रेरक ते स्वतः बनवू शकत नाही, असं २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. फूल नाही म्हणजे बी नाही. मग जगभर पसरलं कसं? फांदी तोडून! म्हणजे साहेबांचा वेलसुद्धा कुणाच्या तरी वेलाचा तुकडा, आणि तो कुणी विचारून तोडला असेल याची खात्री काय? शिवाय तोडल्या जागी खालच्या पेरातून नवा फुटवा येतो. मला जमा झालं, साहेबांच्या नावे काहीच पडलं नाही. चोरी म्हणावी तरी कशाला?

आता बी.कॉम.ला आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की नावे पडल्याशिवाय जमा होत नाही. पण बडनेऱ्यापर्यंत ते काही आठवलं नाही.

अमरावतीत वेलाने जीव धरला. बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांचं, पण कूलरच्या ओलसर वाऱ्यात त्याला बहुधा मोरेआच वाटत असावं. मी त्याला काठी लावली. या वेलाचं एक विशेष आहे : वर चढू दिला तर पानं मोठी होतात, लोंबकळत ठेवला तर लहानच राहतात. बँकेतही असंच आहे. मी लोंबकळणाऱ्यांतला.

सोमवारी केबिनमधून आवाज आला. “पाणी घालायचं तर नीट घाला! वेल तोडलात कशाला?” समोर आमचे शिपाई उभे. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्या बाटलीत चार वर्षं पाणी त्यांनीच घातलं होतं. ते खाली मान घालून ऐकत होते. मी शंभराच्या नोटांचं एक बंडल तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. उठलो, केबिनच्या दारापर्यंत गेलो, आणि “साहेब, व्हाउचरवर सही हवी होती,” म्हणून सही घेऊन परत आलो.

संध्याकाळी सायकल स्टँडवर भाऊंना गाठलं. “भाऊ, तो वेल...”

“मले मालूम हाय सायेब. म्या पाह्यलं ना तुमाले तोडताना.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोल्लो असतो तं चोरीचा कसा राह्यला असता? मले वाटलं, घरी बाईनं सांगतलं असन.”

पुढच्या महिन्यात मी घरच्या वेलाचं एक हातभर टोक अकोल्याला नेलं. भाऊंनी बाटली धुऊन, पाणी भरून ते कपाटावर ठेवलं. साहेब म्हणाले, “वा! कुठून आणलंत?” मी म्हटलं, “घरचंच आहे.” यात खोटं काहीच नव्हतं, आणि तरी माझे कान तापले. भाऊ फडक्याने टेबल पुसत होते. ते पुसतच राहिले.

घरी सांगितलं तर सौभाग्यवती म्हणाली, “परत दिलंत? म्हणजे आता आपला चोरीचा राहिलाच नाही. उसना झाला!”

उसन्यावर लक्ष्मी येते की नाही, याबद्दल तिच्या शास्त्रात काही सांगितलेलं नाही. वेल मात्र छताला लागलाय. साहेबांची पुढच्या महिन्यात बदली आहे. निरोप समारंभात चार शब्द बोलायला मलाच सांगितलंय, आणि भाऊ पहिल्या रांगेत खुर्च्या लावणार आहेत.