शनिवार-रविवारचा सिनेमा

प्रबंधाची तारीख तोंडावर आलेली, मार्गदर्शकांचा निरोप फोनवर, आणि लॅपटॉपमध्ये हौसेनं चित्रित केलेली, अजून न जुळवलेली फिल्म. अशा मुलांना घरात एकच ऐकावं लागतं, "आधी पदवी घे, मग काय ते खेळ कर."

दिग्दर्शक चार्ल्स बर्नेट यांनी तो खेळच पदवीसाठी दिला. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शिकताना त्यांनी 'किलर ऑफ शीप' हा कृष्णधवल चित्रपट केला. कत्तलखान्यातल्या एका कामगाराचं घर, त्याच शहरातली वॉट्सची वस्ती, बरेचसे हौशी नट, चित्रीकरण मुख्यतः शनिवार-रविवारी. कॅमेरा त्यांचा, संकलनही त्यांचंच. तेव्हा संकलन म्हणजे माउसची टिचकी नव्हती. 16 मिलिमीटरची पट्टी हातानं कापायची, चिकटवायची, पुन्हा बघायची. जमलं नाही तर टाका उसवायचा. 1977 मध्ये हाच चित्रपट पदव्युत्तर प्रबंध म्हणून सादर झाला. 1990 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. पण गाण्यांच्या हक्कांपायी चित्रपटगृहात रीतसर लागायला 2007 उजाडलं! (मुलांनो, गाण्याची परवानगी आधी घ्या.)

मला विचाराल तर अभ्यास आणि संकलन यांत वैर नाहीच. जिवापाड आवडलेलं प्रकरण प्रबंधातून काढावं लागतं, तसाच आवडता शॉटही.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर आज त्याची अर्धीकच्ची फिल्म बसून बघा. उगाच कौतुक नको. कुठं कंटाळा आला, तेवढं मात्र खरं सांगा.