टाळूचा सांधा आणि पालकांचा अधिकार

मुलाचे शरीर ईश्वराने जसे दिले तसेच शिरोधार्य मानावे, की त्यात फेरफार करण्याची मुखत्यारी आईबापांस आहे, हा प्रश्न आज मठमंदिरांपेक्षा बोरिवली-मुलुंडच्या दंतवैद्यांच्या दवाखान्यांतील बाकांवर अधिक निकडीने उभा राहतो. आठ-नऊ वर्षांच्या नातीची टाळू अरुंद आहे, वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात, म्हणून टाळूला स्क्रूची पट्टी बसवून जबडा रुंद करावयाचा, असे डॉक्टरांनी सांगताच आजी म्हणते, "अगं, देवानं दिलेलं तोंड आहे पोरीचं, त्याला कशाला हात लावायचा?" हा आक्षेप अडाणीपणाचा नव्हे, त्यामागे देहाविषयीची श्रद्धा आहे आणि तिला उत्तर श्रद्धेच्याच भूमीवरून दिले पाहिजे.

वरचा जबडा दोन अस्थींचा असून त्यांचा सांधा टाळूच्या मध्यरेषेवर असतो आणि तो बालपणी पुरता जुळलेला नसतो. आई रोज रात्री किल्लीने स्क्रू पाव फेरा फिरविते, तेव्हा पट्टी सुमारे पाव मिलिमीटरने रुंदावते. काही दिवसांत पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागते, आणि मग सांध्यात नवे अस्थिद्रव्य भरून यावे म्हणून पट्टी काही महिने तशीच ठेवितात. १८६० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या एमर्सन एंजेल यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा समव्यावसायिकांनी त्यावर अविश्वास दाखविला. अँड्र्यू हास यांच्या १९६१ सालच्या लेखनानंतर त्यास पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. दाढा नीट मिटतात, दाटीने येणाऱ्या दातांस जागा होते, आणि टाळू हीच नाकाची भूमी असल्यामुळे नासामार्गही काहीसा रुंदावतो. मात्र तेवढ्यावरून घोरणे हमखास थांबेल असा हवाला देणे सचोटीचे नव्हे.

आता, 'दिलेले' म्हणजे नेमके काय? आनुवंशिकतेचा वाटा आहेच. परंतु दीर्घकाळ अंगठा चोखण्याची सवय किंवा नाक चोंदल्याने तोंडाने घेतलेला श्वासही टाळूच्या घडणीत हात घालू शकतो. अशा आकारास ईश्वराचा अंतिम हुकूम मानणे म्हणजे सवयीस देवत्व देणे होय. शिवाय आपल्या परंपरेने बालदेहास कधी अस्पर्श्य मानिले नाही: सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बालकाचे कान टोचण्याचा विधी आहे, आणि त्याची प्रयोजने रक्षण व भूषण अशी दोन सांगितली आहेत. हा भेद मला निर्णायक वाटतो.

कारण येथे काळाची मुदत आहे. यौवनाबरोबर सांधा जुळत जातो आणि प्रौढपणी याच कामासाठी पुष्कळदा शस्त्रक्रियेचा आधार घ्यावा लागतो. केवळ हास्य शोभिवंत व्हावे म्हणून दात सरळ करणे मुलगी मोठी होऊन स्वतः ठरवीपर्यंत थांबू शकते. टाळू थांबत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मातही कर्म पाहावयास सांगितले आहे, ते या ठिकाणी अक्षरशः लागू पडते: काहीच न करणारे आईबापही निर्णय करीतच असतात, आणि त्याचा भार पुढे मुलीवर पडतो.

तरीही आईबाप या देहाचे मालक नव्हेत, वहिवाटदार आहेत. म्हणून गरज रक्षणाची की भूषणाची, हे त्यांनी डॉक्टरांस स्पष्ट विचारावे. शंका राहिल्यास बोरिवली-अंधेरीहून मुंबई सेंट्रलच्या नायर दंत महाविद्यालयात, अथवा घाटकोपर-मुलुंडहून सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दुसरे मत घ्यावे. आणि मुलीस, ती लहान आहे म्हणून, अंधारात ठेवू नये. फट का पडते, ताण किती वेळ जाणवेल, बोलताना जीभ काही दिवस का अडखळेल, हे तिला आधी सांगावे. फार दुखल्यास किल्ली थांबवून डॉक्टरांस विचारू, असे वचन द्यावे आणि ते पाळावे. तिची संमती कायद्याने पुरी नसेल, पण तोंड तिचे आहे.