अंजिराचे झाड आणि आमचा खड्डा



प्रायश्चित्तकाळातील या तिसऱ्या रविवारी आपण अंजिराच्या झाडाचा दाखला ऐकतो (लूक १३:१-९). तीन वर्षे फळ नाही म्हणून मालक झाड तोडायला सांगतो. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. पण तो नुसती मुदत मागत नाही; माती खणण्याचे आणि खत घालण्याचे काम स्वतःच्या अंगावर घेतो.

थोड्याच दिवसांत जोतिबाची चैत्र यात्रा येईल. सासनकाठ्या चढतील, डोंगर गुलालाने गुलाबी होईल. वाहिलेल्या दवण्याचे उत्तम खत होते. रासायनिक रंगाचा गुलाल मात्र पावसाबरोबर मातीत उतरतो. पण शेजाऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आपले अंगण पाहू. मागच्या नाताळनंतर आम्ही वेदीवरची फुले व गव्हाणीचे गवत चर्चमागच्या खड्ड्यात टाकले. त्यातच थर्माकोल, चमकी आणि दिव्यांचे जुने सेलही गेले. कुणी टाकले हे विचारण्यात अर्थ नाही, खड्डा आमच्या खिडकीखालीच आहे. आता वर काळी भुसभुशीत माती दिसते, पण ती कोथिंबिरीच्या वाफ्यात घालण्याची आमची हिंमत नाही.

खताचा चांगला ढीग आतून साठ अंशांपर्यंत तापतो. त्यात रोगजंतू आणि तणाचे बी मरते. एका वस्तूच्या नाशातून दुसरी उपजते, हे आम्ही सेमिनरीत अ‍ॅरिस्टॉटलच्या तासाला पाठ केले होते. कळले ते ढीग उलथताना हाताला चटका बसला तेव्हा! मात्र सेलमधले धातू कुजत नाहीत.

बिघडलेल्या जमिनीवरही झाडे काम करतात. आपल्या शिवाजी विद्यापीठातील प्रा. संजय गोविंदवार व सहकाऱ्यांनी झेंडू, अ‍ॅस्टर, गेलार्डिया अशी बागेतली साधी झाडे कापड रंगवण्याच्या सांडपाण्यावर वाढवून पाहिली. ते संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झाले. या झाडांची मुळे रंगाचे रेणू तोडतात. धातूंचे तसे नाही. मोहरीच्या कुळातील काही झाडे मातीतले शिसे, कॅडमियम ओढून घेतात, पण ते नष्ट करत नाहीत. आपल्याच अंगात साठवतात. म्हणून असे झाड गुरांना घालायचे नाही, खतातही टाकायचे नाही, वेगळे काढून सुरक्षित ठिकाणी न्यायचे. माती मोकळी होते, विष झाडाच्या अंगावर जाते. क्रूसाची वाट चालताना आम्हांला हल्ली हे झाड आठवते.

हे सांगण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात कुटुंबांची नोंदवही तपासताना, जी घरे तीन वर्षे मिस्साला आली नाहीत त्यांची नावे कमी करावीत अशी सूचना आली. आम्हीही मान डोलावली. आजचा दाखला पुन्हा वाचला आणि लाज वाटली. त्या घरांत आम्ही स्वतः तीन वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. खणले नाही, खत घातले नाही, आणि फळ मात्र मोजत बसलो.

नावे तशीच राहतील. उद्या सोमवारपासून संध्याकाळी आम्ही त्या घरी जाऊ. प्रत्येक वाडीतून एकाने सोबत यावे. शनिवारी सकाळी आठ वाजता युवक-युवती खड्डा उपसून निवडतील. हातमोजे आणावेत, सेल वेगळ्या डब्यात ठेवावेत. उपसलेली माती वाफ्यात घालायची नाही. तिच्यावर झेंडू लावू; ती फुले वेदीवर येतील, पण झाडे पुन्हा खताच्या खड्ड्यात जाणार नाहीत.

– आपले धर्मगुरू