नाव बुडालं की बुडाली?

लातूर-नांदेडकडच्या एखाद्या गावात हरिनाम सप्ताह चालू असतो. रात्रीच्या कीर्तनात महाराज सांगतात, नाव घ्या, म्हणजे नाव पैलतीराला लागेल. टाळकरी माना डोलवतात, मागची लेकरंही हसतात. देवाचं कुठलं आणि नदीतली कुठली, हे कुणाला विचारावं लागत नाही.

जुन्या छपाईत देवाचं ते ‘नांव’ होतं, पाण्यातली ती ‘नाव’. १९६२च्या मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि कागदावरचा भेद मिटला. कानाला तो आधीही नव्हता. (नांदेडच्या डोक्यावरचं टिंब वाचलं, ते उच्चारात आहे म्हणून.)

कोरियात हेच हजारो शब्दांचं झालं. ‘सुदो’ म्हणजे राजधानी, नळाचं पाणी आणि धर्मसाधनासुद्धा. पूर्वी हे शब्द चिनी अक्षरांत लिहीत, तेव्हा तिन्ही वेगळे दिसत. दक्षिण कोरियात १९४८च्या कायद्यानं सरकारी कागद हंगुल लिपीत आले, पुढे वर्तमानपत्रांतूनही चिनी अक्षरं ओसरली. आता वाक्यावरून ओळखायचं.

वाक्यावरून अर्थ कसा ओळखायचा, याचीच यादी व्याकरणकार भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’त दिली आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ प्रकरणावरून, म्हणजे संदर्भावरून ठरतो, स्थळकाळावरून ठरतो, आणि ‘व्यक्ती’वरून, म्हणजे लिंगावरूनही. मराठीचं काम बहुधा एवढ्यावर भागतं. नाव बुडाली, तर होडी गेली. नाव बुडालं, तर घराण्याची अब्रू गेली.

पण जपात वाक्यच नसतं. ना क्रियापद, ना प्रकरण. माळ आणि एक शब्द. मग तारतं काय, ध्वनी की अर्थ? मीमांसक शब्दार्थाचं नातं नित्य मानतात, नैयायिक संकेतानं ठरलेलं. एकाच ‘नाव’चे दोन अर्थ पाहिले की नैयायिकांचं पटतं. तेवढ्यात कोरियातली लिफ्ट आठवते. तिथे चारला ‘सा’ म्हणतात, मृत्यूच्या अक्षराचा उच्चारही ‘सा’. म्हणून कितीतरी इमारतींत चौथ्या मजल्याच्या बटणावर आकड्याऐवजी इंग्रजी ‘एफ’ असतो. मजल्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो, तरी ध्वनीची सावली पडतेच.

नांदेडला परतावं, तर तोच प्रश्न पुन्हा भेटतो. १७०८मध्ये गुरू गोविंदसिंगांनी इथेच गुरुपद ग्रंथसाहिबाला दिलं. तिथे शब्दच गुरू आहे. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नर्सीशी ज्यांचं नाव जोडलेलं, त्या नामदेवांची ६१ पदं त्या ग्रंथात आहेत. शीख परंपरेत ती रागात गायली जातात, आणि कथा सांगणारा बसला की एकेका शब्दाचा अर्थ उलगडून सांगतो.