न पाहता लिहिलेले



गेल्या महिन्यात नववीतला एक मुलगा आपला प्रकल्प मला दाखवायला आला. विषय होता 'आमच्या घरामागचे बावखल'. रंगीत मुखपृष्ठ, सुबक अक्षर, छापील चित्रे. त्यात लिहिले होते की, ह्या बावखलाचे पाणी केळीच्या वाडीला जाते. मी त्या घराला आशीर्वाद द्यायला जाऊन आलो आहे. तिथले बावखल केव्हाच बुजवलेले आहे. आता तिथे गाड्या उभ्या राहतात.

मी विचारले, "बाळा, मागे जाऊन पाहिलेस का?" तो म्हणाला, "नाही फादर, मोबाईलवर एआयला विचारले. सजावट मम्मीने केली." पुढे आईची भेट झाली. ती म्हणाली, "फादर, सगळेच असे करतात. ह्यात कोणाचे काय जाते?"

तिने मनापासून विचारले, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

संत थॉमस अक्वायनस ह्यांच्या मते सत्य म्हणजे बुद्धी आणि वस्तू ह्यांचा मेळ. वसईची बावखले पावसाचे पाणी साठवतात, जमिनीत मुरवतात, विहिरींना आधार देतात, हे खरेच आहे. पण मुलाच्या वाक्यांचा त्याच्या घरामागच्या जागेशी मेळ नव्हता.

समजा, बावखल शाबूत असते, तर? वाक्ये खरी ठरली असती, मुलगा मात्र खरा ठरला नसता. वहीवर स्वतःचे नाव घालून 'हे मी शोधले' असे तो सांगत होता. संत थॉमस सत्यवचनीपणाला न्यायाच्या सद्गुणाशी जोडतात. एकमेकांच्या शब्दावर विश्वास नसेल, तर माणसांना एकत्र राहता येणार नाही. म्हणून सत्य हे आपण शेजाऱ्याचे देणे लागतो. मग कोणाचे काय जाते? शिक्षकांचा विश्वास जातो. उन्हात फिरून माहिती गोळा करणाऱ्या वर्गमैत्रिणीवर अन्याय होतो. आणि मुलाची स्वतः पाहण्याची सवयच जाते.

संत लूक ह्यांचे उदाहरण घ्या. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेले आपण नीट शोधून क्रमाने लिहीत आहोत, असे ते शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगून टाकतात. दुसऱ्याकडून घेणे हे पाप नाही. घेतलेले लपवून स्वतःचे म्हणणे हा खोटेपणा आहे. ह्यात मीही निर्दोष नाही. घाईच्या आठवड्यात पुस्तकातला तयार उपदेश मी माझा म्हणून दिला आहे. आता तो विचार कोणाचा, हे सांगत जाईन.

आई-वडिलांनो, मुलांना मदत जरूर करा, पण त्यांचे काम तुम्ही करू नका. दोन गुण कमी पडले, तर रागावू नका. मुलांनो, आजीला विचारलेत, तर तिचे नाव लिहा. पुस्तक किंवा एआय वापरलेत, तर तेही लिहा. जे मोजता आले नाही, तिथे 'मोजता आले नाही' असेच लिहा.

तो मुलगा आजीजवळ बसून प्रकल्प पुन्हा लिहीत आहे. आता पहिले वाक्य असे आहे: 'आमच्या घरामागे बावखल होते.' ते का बुजवले, हे त्याला आता घरातल्या मोठ्यांना विचारावे लागेल. मोठ्यांनीही खरे उत्तर द्यावे.

प्रभू येशू आपणां सर्वांना सत्यात राहण्याचे बळ देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू