हें खंय गावलें?

गणेश चवथीला महिना उरला होता. मामाच्या समईचे आटे झिजून वरची वाटी डोलू लागली होती, आणि डिचोलीच्या कासाराशिवाय ती कुणाच्या हाती द्यायची नाही हा मामाचा हट्ट. म्हणून तो पेडण्याच्या कोरगावहून आणि मी पणजीहून असे डिचोलीत भेटलो. कासार म्हणाला, दोन तास लागतील. बाहेर आलो तर पाऊस. जवळच्या सभागृहाचं दार उघडं दिसलं, आत चित्रांचं प्रदर्शन होतं. शिरलो.

मला प्रदर्शनांची सवय आहे. पणजीत संस्कृती भवनात किंवा कला अकादमीत काही लागलं, की कचेरी सुटल्यावर चक्कर असते माझी. सवय म्हणजे काय, तर हात मागे बांधायचे, चित्रापेक्षा खालची चिठ्ठी जास्त वेळ वाचायची आणि निघताना वहीत ‘स्तुत्य उपक्रम’ लिहून सही ठोकायची. वीस वर्षांत एकाही चित्रकाराला मी काही विचारलेलं नाही. अडाणी ठरलो तर?

मामाने दारातच चपला काढल्या. असू दे म्हटलं, तर ऐकेना. दोन-चार चित्रं त्याने बघून न बघितल्यासारखी केली आणि एका चित्रापुढे थांबला. खाणीचा खड्डा होता. पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी तांबडी भिंत, तळाशी हिरवं पाणी. मामा इतका जवळ गेला की नाक लागेल असं वाटलं. मग कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या पोराला त्याने हाक मारली, “हें खंय गावलें रे?” म्हणजे, हे कुठे सापडलं?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं तर हा प्रश्न माटोळीचा. चवथीत गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला सुपारीचं शिपटं, कांगण्यांचे घोस, घागऱ्यो, करमलं, आंबाडे, शेरवडाची पांढरी पानं असं रानातलं जे मिळेल ते बांधतात. माटोळीच्या सरकारी स्पर्धाही होतात. आमच्याकडे मात्र लोक घरोघर जातात, मान वर करून उभे राहतात आणि एखादं अनोळखी फळ दिसलं की विचारतात, हें खंय गावलें? विचारणाऱ्याला कुणी अडाणी म्हणत नाही. कुणी विचारलंच नाही, तर बांधणाऱ्याला वाईट वाटतं.

पोराला वाटलं, म्हातारा जागा विचारतोय. त्याने खाणीचं नाव सांगितलं. मामाने मान हलवली आणि बोट रंगावर नेलं, “हें तांबडें.”

पोरगा उठून आला. दिवसभरात त्याला कुणी काही विचारलेलं नसावं. म्हणाला, रंग विकतचा नाही, खाणीची माती आहे, फडक्यातून गाळून डिंकात कालवलेली. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा तो शाळेत होता. त्याआधी ट्रकांची धूळ घरात अशी यायची की आई ताटं पुन्हा धुऊन मग वाढायची.

मामा म्हणाला, “डिंक उपकारचो ना. सुटतलें.” डिंक कामाचा नाही, रंग सुटेल. आणि मोरजाईच्या देवळातल्या भिंतीवरची कावी चित्रं कशी करतात ते सांगू लागला. शिंपल्यांचा चुना गुळाच्या पाण्यात कुजत ठेवायचा, भिंतीवर त्याचा थर द्यायचा, त्यावर तांबडा लेप, आणि ओला आहे तोवर टोकदार सळईने कोरून खालचा पांढरा काढायचा. पोराने मोबाईलमध्ये लिहून घेतलं. नंतर ते सोडून तो नुसता ऐकत राहिला. मी भिंतीला टेकून उभा होतो. दोन तासांचे तीन झाले. शेवटी कासाराचा मुलगा समई घेऊन आम्हाला शोधत आला.

निघताना मी सवयीने वहीत लिहिलं. मामाने लिहिलं नाही. चष्मा घरी राहिला होता.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी तो पोरगा दुचाकीवरून कोरगावला आला. चपला बाहेर काढून माटोळीखाली उभा राहिला, मान दुखेपर्यंत. मग एका हिरव्या फळाकडे बोट करून त्याने तेच विचारलं. ते फळ मलाही ठाऊक नव्हतं. मामीने नेवऱ्यांची बशी आणून ठेवली आणि मामा त्या झाडाची वाट सांगायला बसला.